धुऱ्यावरचा निंब

वादळ आलं ते दुपारी तीनच्या सुमाराला. अर्ध्या तासात गावची वीस-बावीस झाडं आडवी करून ते मूर्तिजापूरच्या अंगानं निघून गेलं. कुणाच्या घरावरची टिनं उडाली, कुणाचा वाळत घातलेला कांदा भिजला, विजेच्या तारा लोंबकळत राहिल्या. गाव हळहळत होतं आणि चंद्रभान आपल्या अंगणात कमरेवर हात ठेवून, मान उंच करून चारी बाजूंना पाहत होता. काल जिथं झाडाचा शेंडा दिसायचा तिथं आज मोकळं आभाळ दिसत होतं.

"वच्छे," तो म्हणाला, "आता भेटते लाकूड."

"हळू बोला," वच्छला म्हणाली. "लोकाइचे घरं उघडे पडले अन् तुमाले लाकूड दिसून राहिलं."

पण तिच्याही मनात तेच आलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

चंद्रभाननं मूर्तिजापुरात एका आरामशीनवर लाकूड चिरत सोळा वर्षं काढली होती. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. मशीन बंद पडली तेव्हा मालकानं त्याला पेट्रोलचं एक जुनं कटर देऊन घरी पाठवलं. चंद्रभाननं त्या कटरला लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडून घेतली आणि अंगणातल्या दोन लाकडी घोड्यांवर ओंडका आडवा टाकून फळ्या चिरायला सुरुवात केली. वखराचं दांडं, बाजेचे पाय, एखादी चौकट असं काम यायचं. दोन एकर वावर आणि हे कटर, यावर त्यांचं चाललं होतं. लाकूड विकत घेणं परवडत नव्हतं. म्हणून पडलेलं, वठलेलं, कुणाला नको झालेलं झाड शोधत दोघं हिंडायची. कटर चंद्रभान धरायचा. चिरत जाणाऱ्या फटीत पाचरी ठोकत जायचं काम वच्छलाचं. पाचर वेळेवर बसली नाही तर लाकूड मिटतं आणि कटर आतच अडकून बसतं. अकरा वर्षं ती पाचरी ठोकत होती. उजवं मनगट आता थंडीत वळत नसे.

या वर्षी लाकूड स्वतःच्याच मुलीसाठी हवं होतं. रागिणी हिवरखेडला दिली होती. तिचं घरकुल मंजूर झालं, भिंती उठल्या, स्लॅब पडला, आणि तीन दारं नि चार खिडक्या तशाच राहिल्या. लग्नातच चंद्रभान मोठ्या तोंडानं बोलून बसला होता, की घर बांधाल तेव्हा चौकटी माझ्याकडून. आता दारांना पोती लावलेली होती. रागिणीला सहावा महिना होता. मागच्या आठवड्यात तिच्या सासूनं स्वतः फोन केला.

"इहीनबाई, पोत्यातून मांजरं येतात, कुत्रे येतात," ती म्हणाली होती. "मिरुग आला म्हंजे पानी येईन. तुमच्याच्यानं होत नसन तं तसं सांगा. आमी लोखंडी घेतो."

"होते, होते," वच्छला म्हणाली होती.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं निघाली. सडकेवर चांगली दोन झाडं पडली होती, पण रस्ता मोकळा करणाऱ्या माणसांनी खोडं आधीच ट्रकमध्ये चढवली होती. मागं डहाळ्या राहिल्या होत्या. शाळेच्या मैदानात मात्र एक जाडजूड कडूनिंब मुळासकट उपटून पडला होता. मुख्याध्यापक छत्री घेऊन व्हरांड्यात उभे होते.

"न्या की," ते म्हणाले. "आम्हाला काय करायचंय? पण फांद्या, पाला, सगळं उचला. शाळा उघडायच्या आत मैदान लख्ख पाहिजे."

दोन दिवस दोघांनी मैदान झाडलं. वच्छलानं पाल्याचे भारे डोक्यावर वाहून गावाबाहेर टाकले. तिसऱ्या दिवशी चंद्रभाननं खोडाला कटर लावलं, तेव्हा चर्र करून ठिणग्या उडाल्या. त्यानं कटर मागं ओढलं, एक हात पुढं सरकून परत लावलं. परत ठिणग्या. साठ वर्षं त्या निंबाला कुणी ना कुणी खिळा ठोकत आलं होतं. पाट्या, तोरणं, झेंड्याची तार. झाडानं सगळं गिळून वर साल धरली होती. कटरच्या चेनीचे नऊ दात गेले.

"हे झाड नोहे, लोखंडाचं दुकान हाय," चंद्रभान म्हणाला आणि तिथंच मातीत बसला.

मुख्याध्यापक व्हरांड्यातून म्हणाले, "काय हो, खोड नेत नाही का? मग ते पण तुम्हीच बाजूला सरकवून द्या. अर्धं काम करून कसं चालेल?"

दोघांनी लोखंडी सब्बल लावून रेटून रेटून ते खोड भिंतीकडेला लावून दिलं, आणि रिकाम्या हातानं घरी आली.

संध्याकाळी चंद्रभान अंगणात कानशीनं चेनीचे दात घासत असताना किशोर आला. किशोर म्हणजे खुशालरावचा माणूस. त्याचा ट्रॅक्टर तोच चालवायचा, निरोपही तोच न्यायचा.

"चंदूभाऊ, भाऊनं बलावलं," तो म्हणाला. "धुऱ्यावरचा निंब बुंध्यावर मोडून पडला न वादळात. घेऊन जा म्हनते. फुकट."

चंद्रभानची कानस थांबली. "कोनता? तो सरका?"

"तोच. पन उद्याच्या उद्या उचला म्हनते. भाऊले तथी वखरनं हाय."

किशोर गेल्यावर चंद्रभान उठून उभा राहिला. "वच्छे, वावरातलं झाड. एक खिळा नसन त्यात. पंधरा फूट सरकं, सरळसोट जाते वर."

तो निंब गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. वावरांकडे जाणारी गाडवाट खुशालरावच्या शेतातून जायची. त्याच्या शेताला लागून सत्यवतीचं तीन एकर, आणि त्याच्या पलीकडं चंद्रभानचं दोन एकर. निंब उभा होता खुशालराव आणि सत्यवती यांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. सत्यवतीच्या सासऱ्यानं तो आपल्या बाजूला, धुऱ्याला खेटून लावला होता. सासरा गेला, मग नवरा गेला, आणि धुरा चालायला लागला. खुशालरावचा नांगर दर वर्षी वीतभर मातीचा बांध खाई आणि वीतभर पुढं नवा बांध घाली. माती सरकली, पण झाड सरकत नाही. आठ-दहा वर्षांत निंब धुऱ्याच्या अलीकडं, खुशालरावच्या पऱ्हाटीत चांगला चार पावलं आत उभा दिसायला लागला. धुरा कुठं होता हे सांगणारी तेवढीच एक खूण उरली होती. सत्यवतीनं दिवाळीनंतर मोजणीचा अर्ज केला होता. तारीख अजून यायची होती.

"सत्यवतीले पुसा लागते," वच्छला म्हणाली.

"ती बडनेऱ्याले गेली भावाच्या घरी. लग्न हाय तथी."

"मंग येऊ द्या तिले."

"अन् उद्या दुसऱ्यानं उचललं तं?" चंद्रभानचा आवाज चढला. "झाड मी पाडलं का? वाऱ्यानं पाडलं. जो देऊन राहिला त्याच्यापासून मी घेऊन राहिलो. पोट्टीच्या दाराले पोतं हाय, ते पाह्य."

वच्छलाला ते पोतं दिसलं. तिनं उद्याच्या पाचरी गोळा करायला घेतल्या.

सकाळी ती दोघं पोचली तेव्हा खुशालराव आधीच तिथं खुर्ची टाकून बसला होता. पांढरा शर्ट, पायात चपला, मांडीवर टोपी. बोलायला तो गोड माणूस. कधी कुणाला अरे-तुरे करत नसे.

"या चंद्रभानजी. तुमची आठवन आली पाहा झाड पाहून. म्हनलं, कोनी चुलीत घालीन, त्यापेक्षा कारागिराच्या हातात जाऊ द्या."

"उपकार झाले भाऊ."

"उपकार कायचे? फक्त बुंधा ठेवू नका. मुळासकट काढा. माह्या वखराले आडवं येते."

दिवसभर दोघांनी काम केलं. चंद्रभाननं फांद्या उतरवल्या, खोडाचे तीन ओंडके केले. मग बुंध्याभोवती खणायला घेतलं. वैशाखातली काळी माती, भेगा पडलेली, ढेकूळ दगडासारखं. वच्छलानं कुदळ मारली की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. मुळं मांडीएवढी जाड होती आणि बहुतेक सगळी सत्यवतीच्या बाजूला गेलेली होती. तिकडं वखरणी खोल नसायची, म्हणून मुळं सुखात वाढली होती. एक एक मूळ तोडताना वच्छलाला वाटत होतं की कुणीतरी मागून हाक मारेल. कुणी मारली नाही. किशोरनं बुंध्याला साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढला. मोठा खड्डा पडला. पंधरा मिनिटांत त्यानं पात्यानं माती लोटून तोही बुजवला. वर वखर फिरवला. झाड कुठं होतं हे आता ज्यांनी खणलं त्यांनाच सांगता आलं असतं.

ओंडके ट्रॉलीत चढवल्यावर किशोरनं खिशातून मोबाइल काढला.

"चंदूभाऊ, एक सांगा बरं यात. खुशालरावच्या वावरातला निंब, खुशालरावनं देल्ला, आमी नेला. बस."

"ते काहून?" चंद्रभाननं विचारलं.

"असंच," खुशालराव खुर्चीवरून म्हणाला. "उद्या कोनी म्हनाले नको, की चंद्रभाननं चोरून नेलं. तुमच्याच भल्यासाठी."

चंद्रभाननं घाम पुसला, टोपी सरळ केली आणि फोटो काढायला उभा राहावा तसा उभा राहून बोलला. शेवटी हातही जोडले. वच्छला त्याच्या मागं सब्बल धरून उभी होती. ती बाजूला झाली नाही, हे घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं.

तीन दिवस अंगणात कटर चाललं. चंद्रभान गेरूत बुडवलेला दोरा ओंडक्यावर ताणून टिचकी मारायचा, लाल रेघ उमटायची, त्या रेघेवरून कटर सरकायचं. वच्छला वाकून पाचरी ठोकत मागोमाग. लाकूड पाहिजे तसं निघालं. गाठ नाही, भेग नाही, आतला गाभा तांबूस. भुसा मात्र कडू. नाकात, घशात, डोक्याच्या केसांत गेला. पिण्याचं पाणी कडू लागायचं, भाकरी कडू लागायची. चंद्रभान खुशीत होता. ओलं लाकूड फिरतं, पण चौकट भिंतीत एकदा पकडली की फिरत नाही, सध्या टिनाचे पल्ले लावू, लाकडी पुढच्या साली करू, असं तो एकटाच बोलत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कटर बंद झालं तेव्हा वच्छलानं मान वर केली. फाटकाशी सत्यवती उभी होती. बसमधून उतरून ती बहुधा आधी वावराकडे गेली असावी. लग्नाचं लुगडं, पायांवर मात्र वावरातली माती.

सत्यवती आणि वच्छला एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या होत्या. निंदणाला बरोबर, वेचणीला बरोबर. सत्यवतीचा नवरा गेला तेव्हा तिच्या बांगड्या फुटताना वच्छलानंच तिचा हात धरला होता.

सत्यवती आत आली. भिंतीला लावलेल्या फळ्यांकडे तिनं पाहिलं. त्यातल्या एकीवर हात ठेवला.

"माह्या सासऱ्यानं लावला होता," ती म्हणाली.

चंद्रभान कटर उचलून घरात गेला.

"तू नव्हती," वच्छला म्हणाली. "खुशालराव म्हने, आजच उचला. रागिणीच्या दाराइले..." मग ती एकदम म्हणाली, "अर्ध्या फळ्या तू घेऊन जाय. मी सोता आनून देतो डोक्यावर."

"फळ्या काय करू मी?" सत्यवती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यानंच वच्छलाला जास्त लागलं. "झाड पडलंच होतं. लाकूड नेलं असतं तं मी काही म्हनलं नसतं. बुंधा काहून काढला वं? बुंधा तेवढा ठेवाचा होता."

सत्यवतीनं फळीवरचा हात काढून घेतला आणि ती गेली.

त्याच आठवड्यात पटवारी वादळाच्या नुकसानीचे पंचनामे करत फिरत होता. खुशालरावनं आपल्या पडलेल्या झाडाचाही पंचनामा मागितला. सत्यवतीला कळलं, तीही वावरात आली. दहा-बारा माणसं जमली. पटवाऱ्यानं मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवला. घाई होती त्याला, अजून चार गावं राहिली होती.

"झाड कोणाच्या हद्दीत होतं?" त्यानं विचारलं.

"माह्या," खुशालराव म्हणाला. "नेनारा मानूस हजर हाय. विचारा."

किशोरनं मोबाइल पुढं केला. चंद्रभान त्यात बोलत होता, हात जोडत होता. लोकांनी माना खाली घातल्या. सत्यवती एकटी धुऱ्याच्या पलीकडं आपल्या ढेकळात उभी होती.

"चंद्रभान, सही कर इथं," पटवारी म्हणाला.

चंद्रभाननं पेन हातात घेतलं.

"झाड अथी होतं," वच्छला म्हणाली.

ती कधी चालायला लागली ते तिलाच कळलं नाही. वखरलेल्या मऊ मातीत ती सरळ गेली आणि एका जागी जाऊन उभी राहिली. "अथी. मीच खनलं. मुळं सारे तिकडं गेले होते, सत्यवतीच्या अंगाले. सासऱ्यानं लावला तवा धुरा या निंबाच्या अलीकडं होता. या साऱ्याइले ठाऊक हाय. उकरून पाहा, तुटलेले मुळं अजून ओले असतीन."

कुणी उकरलं नाही. पटवाऱ्यानं खुशालरावकडं पाहिलं, मग चंद्रभानकडं. "घरातच एकमत नाही तुमच्या," तो म्हणाला. "मी असं लिहितो, हद्दीबाबत वाद आहे, मोजणीत ठरेल." आणि कागद घडी घालून निघून गेला.

खुशालराव हसला. "वच्छलाबाई, तुमी सांगितलं ते बरं केलं," तो म्हणाला. "खरं बोलावं मानसानं."

दुसऱ्या दिवशी गाडवाटेच्या तोंडावर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. माणसाच्या छातीएवढा ढीग. मागं लोखंडी तार. वाट खुशालरावच्या शेतातून होती, कागदावर ती कुठंच नव्हती. सत्यवतीचं वावर बंद झालं आणि त्यामागचं चंद्रभानचंही. दुसरीकडून जायचं तर नाला, आणि नाल्याचा काठ दोन पुरुष खोल. माणूस कसाबसा उतरेल. बैल, तिफण, बियाण्याचं पोतं उतरत नाही.

चंद्रभान रागावला असता तर वच्छलाला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही. रंधा घेऊन चौकटी साफ करत बसला. साल काढल्यासारख्या लांब चकत्या पायाशी पडत राहिल्या. दोन दिवसांनी तो फक्त एवढं म्हणाला, "आपलं वावर त्याच्या पोटात हाय, वच्छे. तुले मालूम होतं."

"मालूम होतं," ती म्हणाली.

मिरगाच्या दोन दिवस आधी छोट्या टेम्पोत चौकटी घालून ती हिवरखेडला गेली. गवंड्यानं संध्याकाळपर्यंत तिन्ही दारांच्या आणि चारी खिडक्यांच्या चौकटी बसवल्या. रागिणी जड पोटानं या दारातून त्या दारात जात होती. विहीणबाईनं चौकटीवरून हात फिरवला, नखानं टोकरून पाहिलं.

"लाकूड पक्कं हाय," ती म्हणाली. "कुठलं आनलं?"

"वावरातलं," चंद्रभान म्हणाला.

"तुमच्या वावरात एवढा निंब होता?"

चंद्रभान खिशात तंबाखू शोधायला लागला. वच्छला उठून आत पाणी प्यायला गेली. रागिणी मागोमाग आली. "आई, काय झालं वं? तू अशी काहून करून राहिली?"

"काही नाही. भुशानं घसा बसला," वच्छला म्हणाली. पोरीच्या डोळ्यांत आनंद होता, त्यात हात घालायची तिची छाती झाली नाही.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. चांगली ओल झाली. गावात सगळीकडे सरकीच्या थैल्या फुटल्या, बैल निघाले, ट्रॅक्टर निघाले. चंद्रभान नाल्याकडून जाऊन वावर पाहून आला. कमरेपर्यंत चिखल. "वाफसा आला," तो म्हणाला. "तीन-चार दिवस हाय. मंग गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खुशालरावकडं गेला. परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन तास त्याला ओसरीखाली उभं ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा दिला, त्याच्याकडं कप आला नाही. शेवटी खुशालराव गोडच बोलला.

"काय म्हने?" वच्छलानं विचारलं.

चंद्रभान तिच्याकडं न बघता म्हणाला, "म्हने, तुमचा काही गुन्हा नाही चंद्रभानजी. वच्छलाबाईले पाठवा. त्याइनं पटवाऱ्यासमोर जे म्हनलं ते चार मानसाइसमोर मांगं घ्यावं. मी आत्ताच्या आत्ता काट्या काढतो."

वच्छलानं परातीतलं पीठ मळायचं थांबवलं. हात पिठात तसेच राहिले. जाऊन खोटं बोलायचं, तर सत्यवतीची शेवटची साक्ष पुसली जाणार. न जावं, तर दोघींची वावरं पडीक. सत्यवतीचंही. तिच्या खऱ्या बोलण्यानं सत्यवतीच्या हाती आलं होतं ते एवढंच.

"जा लागन," चंद्रभान म्हणाला. "मी नसतो म्हनत, पन जा लागन."

"सकाळी जातो," ती म्हणाली.

सकाळी ती लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन निघालीच होती, तोच सत्यवती अंगणात आली. तिच्या डोक्यावर सरकीची थैली होती. ती तिनं खाली ठेवली नाही.

"कुठी चालली?"

"खुशालरावकडं."

"नको जाऊ," सत्यवती म्हणाली. "मी जाऊन आली काल सांजेले. अर्ज मांगं घेतो म्हनून लिहून देल्लं. मोजनी नाही करत."

वच्छलाला आधी काही समजलंच नाही.

"तिसऱ्या ओळीत तुही वाट लिहून घेतली," सत्यवती म्हणाली. "दोघींची वाट मोकळी, असं. तो नाही म्हनत होता. म्हने, वच्छलाबाई आधी येऊ द्या. मी म्हनलं, ती येनार नाही. तिले बलावत असशीन तं मीबी सही नाही करत. तवा केली त्यानं."

"अवं, पन तुही जमीन गेली न वं," वच्छला म्हणाली.

"ती तं दहा वर्षांपासून जाऊन राहिली." सत्यवतीनं थैली डोक्यावर नीट केली. "पेरनी गेली तं साल जाते. तू खरं बोलली, मी आइकलं. त्याचं एवढंच झालं मले. दुसरं काय होनार होतं? चाल, वाफसा जाऊन राहिला."

ती निघाली. चंद्रभान दारात उभा होता. त्यानं तोंड फिरवून बैलांकडं धाव घेतली, जू शोधायला लागला. वच्छलाला वाटलं, मागं धावावं, सत्यवतीचा हात धरावा, नको म्हणावं. पण नको म्हणायला आता तिच्याजवळ काय होतं? कागद लिहून झाला होता. तिनं नेसलेलं चांगलं लुगडं तसंच वर खोचलं आणि चालायला लागली.

गाडवाटेच्या तोंडावर किशोर काट्या ओढून बाजूला करत होता. त्यानं दोघींकडं पाहिलं नाही. निंब होता तिथून खुशालरावची तिफण कालच फिरून गेली होती. ओल्या मातीत सरळ रेघा उमटल्या होत्या, धुऱ्याला अगदी भिडून.

चंद्रभान बैल घेऊन पुढं आपल्या वावरात गेला. वच्छला सत्यवतीच्या वावरात थांबली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. सत्यवतीनं तिच्याकडं एकदा पाहिलं, थैलीतली ओंजळभर सरकी तिच्या ओटीत टाकली आणि पहिल्या तासाला, पेरणीच्या ओळीला, लागली. वच्छलानं तिच्या शेजारचं तास धरलं. दोन पावलं टाकायची, वाकायचं, बोटानं भोक करायचं, दोन बिया टाकायच्या, पायानं माती ओढायची. दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पाठ भरून आली, मनगट सुजलं. चंद्रभानचा बैलांना हाकारण्याचा आवाज पलीकडून येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर सत्यवती धुऱ्यापाशी पोचली. शेवटचं तास संपवून ती सरळ उभी राहिली, हात कमरेवर ठेवून सगळ्या वावरावर नजर फिरवली. ओठ हलत होते. मोजत होती.

"माह्या सासऱ्याच्या वक्ती साठ तास पडत होते," ती म्हणाली. "आता सत्तावन पडले."

वच्छला मातीत वाकलेलीच होती. तिच्या ओटीत थोडी सरकी उरली होती.

"देऊ का परत?" तिनं विचारलं.

"घेऊन जाय तुह्या वावरात," सत्यवती म्हणाली. "अथी आता जागा नाही."